सैनिक कायद्याबाहेर आहे काय ?

ता. २३ ऑक्टोबर २०२५ रोजीं उत्तर आयर्लंडांतील बेलफास्ट येथील फौजदारी न्यायालयानें एका निवृत्त ब्रिटिश सैनिकास खुनाच्या दोन व खुनाच्या प्रयत्नाच्या पांच आरोपांतून दोषमुक्त केलें. ज्या कृत्याबद्दल हा खटला झाला, तें कृत्य ता. ३० जानेवारी १९७२ चें; म्हणजे निकालाच्या दिवशीं त्यास त्रेपन्न वर्षें होऊन गेलीं होतीं. आरोपीचें नांव न्यायालयाच्या हुकुमानें गुप्त राखलेलें असून कागदोपत्रीं तो ‘सैनिक एफ’ एवढ्याच नांवानें ओळखला जातो. न्यायाधीश पॅट्रिक लिंच यांनीं निकाल देतांना दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या दोन्ही एकत्र वाचल्यावांचून या प्रकरणाचें मर्म कळावयाचें नाहीं. पहिली ही कीं, त्या दिवशीं त्या पलटणीच्या सैनिकांनीं लष्करी शिस्त पार सोडून पळत्या निःशस्त्र नागरिकांच्या पाठींत गोळ्या घातल्या, आणि ज्यांनीं हें केलें त्यांनीं शरमेनें मान खालीं घालावी. दुसरी ही कीं, समोर उभ्या असलेल्या आरोपीविरुद्धचा पुरावा गुन्हा शाबीत होण्यास लागतो त्याहून फारच तोकडा आहे. म्हणजे अन्याय झाला हें न्यायासनास मान्य. तो कोणाच्या हातून झाला, हें मात्र कायद्याच्या काट्यावर तोलून सांगतां येत नाहीं!

आमच्या कित्येक वाचकांस वाटेल कीं, सातासमुद्रांपलीकडील एका शहरांतल्या अर्धशतकापूर्वींच्या गोळीबाराशीं आपणांस काय कर्तव्य ? त्यांस आमचें सांगणें असें कीं, ज्या ज्या राज्यांत सैन्य स्वतःच्याच प्रजेमध्यें बंदोबस्तास उतरतें, त्या प्रत्येक राज्यापुढें हा प्रश्न आज ना उद्यां उभा राहतोच. आपल्या देशापुढें तो शंभर वर्षांपूर्वीं उभा राहिला होता, आणि आजही तो सुटलेला नाहीं. म्हणून प्रथम हकीकत व मग तिचा बोध, या क्रमानें आम्ही हा विषय वाचकांपुढें मांडतों.

उत्तर आयर्लंड हा ब्रिटिश राज्याचा भाग. तेथील बहुतेक प्रॉटेस्टंटांस ब्रिटनशीं असलेला संबंध कायम हवा, तर बहुतेक कॅथॉलिकांचा ओढा अखंड आयर्लंडाकडे. त्यांत मतदान, घरें व नोकऱ्या यांच्या बाबतींत आपणांवर अन्याय होतो, ही कॅथॉलिकांची जुनी तक्रार. १९६९ सालीं दंगे माजले व ब्रिटिश सैन्य रस्त्यावर उतरलें. त्याची ही मोहीम २००७ सालापर्यंत चालली. या कलहांत साडेतीन हजारांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्यांपैकीं सुमारें नऊ-दशांश दोन्ही पक्षांच्या सशस्त्र गुप्त संघटनांनीं मारलीं, आणि सुमारें एक-दशांश सैन्य व पोलीस यांच्या हातून मेलीं. या संघटनांच्या हल्ल्यांत सातशेंहून अधिक ब्रिटिश सैनिकही पडले. हे आंकडे आम्ही आरंभींच देतों, कारण एकाच बाजूचीं प्रेतें मोजणारास न्यायाची गोष्ट बोलण्याचा अधिकार नाहीं.

ऑगस्ट १९७१ मध्यें सरकारनें खटला न चालवितां लोकांस स्थानबद्ध करण्यास आरंभ केला. त्याच दिवसांत बेलफास्टच्या बॅलीमर्फी भागांत दहा नागरिक मारले गेले. या स्थानबद्धतेच्या निषेधार्थ पुढील जानेवारींत डेरी शहरांत मोर्चा निघाला, तेव्हां पॅराशूट पलटणीचे सैनिक बॉगसाइड नांवाच्या कॅथॉलिक वस्तींत शिरले आणि त्यांच्या गोळ्यांनीं तेरा माणसें ठार झालीं. चौदावा जखमी कांहीं महिन्यांनीं वारला. आयर्लंडांत तो दिवस ‘रक्तरंजित रविवार’ म्हणून ओळखला जातो.

यापुढें जें झालें त्यांतच या प्रकरणाचें खरें वर्म आहे. त्या काळीं सैन्य व पोलीस यांच्या वरिष्ठांमध्यें असा ठराव होता कीं, सैनिकाच्या गोळीनें कोणी मेल्यास त्या सैनिकाची जबानी मुलकी पोलिसांनीं न घेतां लष्करी पोलिसांनींच घ्यावी. १९७३ च्या शरदांत हा ठराव मोडीत निघाला, परंतु तोंवर जें व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. ज्याच्यावर संशय त्याच्याच बिरादरींतल्या माणसानें त्याची तपासणी करावयाची, तीहि उलटतपासणीच्या धारेवर न धरतां, या पद्धतीनें त्या रात्रीच्या जबान्या नोंदल्या गेल्या. मग सरकारनें इंग्लंडचे मुख्य न्यायाधीश लॉर्ड विजरी यांची चौकशी नेमली. त्यांनीं अवघ्या अकरा आठवड्यांत, एप्रिल १९७२ मध्यें, आपला अहवाल दिला. कांहीं गोळीबार बेपर्वाईच्या काठावर पोंचला होता, इतकें त्यांनीं कबूल केलें. परंतु एकंदर ठपका मोर्चा काढणारांवरच ठेवला आणि सैनिकांस जवळजवळ निर्दोष ठरविलें. मृतांच्या घरच्यांस आपलीं माणसें तर गमवावीं लागलींच, वर तीं माणसें बंदूकवालीं व बाँबवालीं होतीं हा संशयही वर्षानुवर्षें सोसावा लागला.

हा संशय धुवून निघण्यास अडतीस वर्षें लागलीं. १९९८ सालीं पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीं लॉर्ड सॅव्हिल यांची दुसरी चौकशी नेमली. ती बारा वर्षें चालली, तिला एकोणीस कोटींहून अधिक पौंड खर्च आला, आणि १५ जून २०१० रोजीं तिनें निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें कीं, ज्यांस गोळ्या लागल्या त्यांपैकीं कोणापासूनही सैनिकांच्या जिवास धोका नव्हता. कित्येक सैनिकांनीं जाणूनबुजून खोट्या हकीकती सांगितल्या. आणि पलटणीच्या प्रमुखानें वरिष्ठाच्या हुकुमाची मर्यादा ओलांडून सैनिकांस वस्तींत धाडलें. त्याच दिवशीं पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनीं पार्लमेंटांत सरकारच्या वतीनें क्षमा मागितली. सत्य बाहेर आलें, परंतु तें न्यायालयांत उपयोगीं पडेल अशा रूपानें आलें नाहीं. कारण साक्षीदार जें सांगेल तें फौजदारी खटल्यांत त्याच्यावरच उलटविलें जाणार नाहीं, या आश्वासनावरच त्या चौकशींतील साक्षी झाल्या होत्या.

मग २०१९ सालीं सतरा माजी सैनिकांपैकीं एकावर खटला भरण्याचें ठरलें. २०२१ सालीं सरकारी वकिलांनीं तो मागें घेतला, २०२२ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो पुन्हां उभा केला, आणि २०२५ सालीं तो चालला. त्यांत मुख्य पुरावा कोणता ? तर आरोपीच्या दोन सोबत्यांच्या १९७२ सालच्या जबान्या. त्यांपैकीं एक सोबती मरून गेलेला. दुसऱ्यानें, उत्तर दिल्यास आपणच अडचणींत येऊं, असें कारण सांगून साक्ष देण्याचें नाकारलें. ज्या जबानीची उलटतपासणी होऊं शकत नाहीं, ज्या जबान्या देणाऱ्यांच्या खरेपणाविषयींच संशय आहे, तिच्या जोरावर कोणास जन्मठेप देणें हा न्याय नव्हे. निकालास आम्ही दोष देत नाहीं. लोकांचा क्षोभ कितीही रास्त असो, त्याच्या समाधानासाठीं संशयितास गुन्हेगार ठरविणारें न्यायालय उद्यां निरपराध्यासही तसेंच ठरवील. दोष २०२५ च्या न्यायाधीशाचा नाहीं. तो १९७२ च्या त्या रात्रीचा आहे. पुरावा ताजा होता, प्रत्येक बंदूक व प्रत्येक गोळी मोजतां येत होती, साक्षीदार हयात होते, तेव्हां खरी विचारपूस झाली नाहीं; आणि विचारपूस झाली तेव्हां विचारावयास माणसें उरलीं नव्हतीं.

आतां जे म्हणतात कीं हा जुना विषय पुरून टाकावा, त्यांचें म्हणणें पाहूं. सैनिकास क्षणार्धांत निर्णय घ्यावा लागतो. त्याची चूक पन्नास वर्षांनीं कचेरींत बसून काढणें सोपें आहे, हा त्यांचा पहिला आक्षेप. तो अगदींच पोकळ नाहीं. परंतु कायदा हें जाणत नाहीं असें थोडेंच आहे ? उत्तर आयर्लंडच्या १९६७ च्या कायद्यानें परिस्थितीस वाजवी असेल इतकें बळ वापरण्याची मुभा दिलीच होती. प्रत्येक सैनिकाजवळ पिवळ्या रंगाचें एक कार्ड असे आणि गोळी केव्हां झाडावी, केव्हां झाडूं नये, तें त्यावर छापलेलें असे. ज्यानें जिवावर बेतलें म्हणून गोळी झाडली त्यास कायद्याचें संरक्षण तेव्हांही होतें व आजही आहे. पळणाराच्या पाठींत गोळी घालणारास तें नव्हतें. या दोघांस एकाच माळेंत ओवून ‘आमच्या शिपायांचा छळ चालला आहे’ अशी ओरड करणारे लोक शिपायाचे मित्र नव्हेत. ज्या हजारों सैनिकांनीं दगडधोंडे व शिव्या खाऊनही बंदुकीचा घोडा ओढला नाहीं, त्यांच्या संयमाची किंमतच ही ओरड शून्य करून टाकते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९९८ च्या शांतता-करारानें दोन्ही पक्षांच्या सशस्त्र संघटनांचे शिक्षा झालेले कैदी दोन वर्षांच्या आंत सोडून दिले. पुढें सुमारें दोनशें फरारी संशयितांस, ‘तुमचा शोध चालू नाहीं’ अशीं पत्रेंही गुपचूप धाडण्यांत आलीं. आणि १९८२ सालीं लंडनच्या हाइड पार्कांत चार सैनिक बाँबनें मारले गेले, त्या प्रकरणांतील आरोपीवरचा खटला अशाच एका पत्रामुळें २०१४ सालीं बारगळला. मग खुनी मोकळे व म्हातारे सैनिक तेवढे कोर्टांत, हा कोणता न्याय ? हा संताप आम्हांस समजतो. परंतु त्यावर २०२३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें जो उपाय काढला, तो रोगाहून भयंकर होता. त्या वर्षींच्या कायद्यानें ठरविलें कीं, जो चौकशी-मंडळास आपली खरी हकीकत सांगेल त्यास, मग तो सैनिक असो वा गुप्त संघटनेचा मारेकरी असो, खटल्यांतून कायमची माफी मिळावी. आणि मृत्यूंच्या कारणांची न्यायालयीन चौकशी ता. १ मे २०२४ पासून थांबावी, व नुकसानभरपाईचे नवे दावेही थांबावेत. म्हणजे सैनिकाच्या संरक्षणार्थ म्हणून केलेल्या कायद्यानें सैनिकांच्या मारेकऱ्यांसही दार उघडें करून दिलें ! एरव्हीं कोणत्याही गोष्टींत एकमत न होणारे उत्तर आयर्लंडांतील सर्व मोठे पक्ष या कायद्याच्या विरुद्ध मात्र एक झाले, यांतच त्याची परीक्षा झाली. फेब्रुवारी २०२४ मध्यें बेलफास्टच्या उच्च न्यायालयानें ही माफी मानवी हक्कांच्या युरोपीय कराराशीं विसंगत ठरविली. आणि जुलै २०२४ मध्यें अधिकारारूढ झालेल्या मजूर पक्षाच्या सरकारनें ऑक्टोबर २०२५ मध्यें जुन्या कायद्याच्या जागीं नवें विधेयक पार्लमेंटापुढें मांडलें.

तिसरा आक्षेप असा कीं, इतक्या वर्षांनीं निष्पन्न काय होणार ? यास दोन उदाहरणें पुरेत. वर सांगितलेल्या बॅलीमर्फीच्या दहाही मृतांविषयीं मे २०२१ मध्यें, म्हणजे पन्नास वर्षांनीं, न्यायमूर्ति कीगन यांनीं निर्णय दिला कीं तीं माणसें सर्वस्वी निरपराध होतीं. कोणी तुरुंगांत गेलें नाहीं. परंतु दहा घरांवरचा कलंक पुसला गेला. याच चौकशांचें दार २०२३ चा कायदा बंद करीत होता, हें लक्षांत ठेवावें. दुसरें उदाहरण ऑनाक्लॉय गांवचें. तेथें फेब्रुवारी १९८८ मध्यें चेंडूच्या सामन्यास जाणारा एक तरुण तपासणी-नाक्यावरील सैनिकाच्या गोळीनें मेला. हात ओला असल्यामुळें बोट घसरलें, असें सैनिकाचें म्हणणें. नोव्हेंबर २०२२ मध्यें न्यायालयानें तें अमान्य करून, घोर निष्काळजीपणानें मनुष्यवध केल्याबद्दल त्यास दोषी ठरविलें. आणि पुढील फेब्रुवारींत तीन वर्षांची शिक्षा देऊन ती तहकूब ठेवली. आमच्या मतें योग्य मार्ग तो हाच. प्रथम निर्णय, मग दया. वृद्धापकाळ, पश्चात्ताप, लोटलेलीं वर्षें या सर्वांचा विचार शिक्षा ठरवितांना अवश्य व्हावा. १९९८ च्या करारानें कैदी सोडले तेही शिक्षा ठरल्यानंतर, त्यांचा गुन्हा जगजाहीर झाल्यानंतर सोडले. निर्णयानंतरच्या क्षमेंत मनाचा मोठेपणा असतो. निर्णयाआधींच्या क्षमेंत केवळ झांकपाक असते.

या झांकपाकीची ओळख आपणांस नवीन नाहीं. ता. १३ एप्रिल १९१९ रोजीं अमृतसरच्या जालियनवाला बागेंत जनरल डायर यानें गोळीबार केला; मृतांचा सरकारी आंकडाच ३७९ आहे. चौकशीसाठीं लॉर्ड हंटर यांची कमिटी ऑक्टोबरांत नेमली गेली. परंतु त्याच्या आधींच, सप्टेंबरांत, लष्करी कायद्याच्या अंमलांत सद्बुद्धीनें केलेल्या कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांवर खटला होऊं नये, असा कायदा वरिष्ठ कायदेमंडळांत मंजूर करून घेण्यांत आला होता. कमिटीपुढें मुंबईचे विख्यात वकील चिमणलाल सेटलवाड यांनीं डायर यास विचारलें कीं, चिलखती मोटारी बागेंत शिरूं शकल्या असत्या तर त्यांतील यंत्रबंदुका तुम्ही चालविल्या असत्या काय ? डायरनें बहुधा चालविल्या असत्या असें उत्तर दिलें. घटनेस सात-आठ महिनेच झाले होते, म्हणून एका नेमक्या प्रश्नानें आरोपीच्या तोंडून असें सत्य बाहेर पडलें. पण पुढें काय ? त्याची नोकरी गेली. फौजदारी न्यायालयाचें तोंड त्यानें पाहिलें नाहीं. उलट इंग्लंडांत त्याच्यासाठीं सव्वीस हजार पौंडांचा फंड जमला. अमृतसरांत कबुली होती, पण न्यायालयाचें दार आधींच बंद करून ठेवलेलें. डेरींत न्यायालयाचें दार अखेर उघडलें, पण कबुली देणारे मेलेले किंवा मुके झालेले. मार्ग दोन, परिणाम एकच.

आणि आज ? परकी राज्य गेलें, पण सवय गेली काय ? आपल्या १९५८ च्या सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याच्या सहाव्या कलमान्वयें, अशांत म्हणून ठरविलेल्या मुलखांत सैनिकानें त्या अधिकारांत केलेल्या कृत्याबद्दल केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवांचून खटला चालवितां येत नाहीं. मणिपुरांतील प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०१६ मध्यें स्पष्ट सांगितलें कीं, वाजवीपेक्षां अधिक बळ वापरणारास संपूर्ण अभय असें कोणतेंही नाहीं. परंतु डिसेंबर २०२१ मध्यें नागालँडच्या ओटिंग गांवाजवळ कामावरून घरीं परतणारे सहा खाणकामगार सैनिकांच्या गोळ्यांनीं मेले आणि पाठोपाठच्या प्रकारांत आणखी माणसें दगावलीं, तेव्हां काय झालें ? राज्याच्या विशेष तपास पथकानें तीस सैनिकांवर आरोपपत्र ठेवलें, केंद्रानें संमति नाकारली, आणि सप्टेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, पुढें संमति मिळाल्यास खटला चालवितां येईल इतकें सांगून, तें प्रकरण मिटविलें. ते सैनिक दोषी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. तें म्हणण्याचा अधिकार न्यायालयाचा. आमची तक्रार हीच कीं, तें न्यायालयास ठरवूंच दिलें गेलें नाहीं.

आमच्या व्यापारी वाचकांस ही गोष्ट अधिक फोड करून सांगावयास नको. एखाद्या सावकारानें आपली रोजकीर्द वेळच्या वेळीं लिहिली नाहीं, पानें फाडलीं, मुनिमास गप्प बसविलें, आणि वीस वर्षांनीं देणेकरी दारांत आला असतां, ‘बाबा रे, प्रकरण फार जुनें झालें, आतां हिशेब लागत नाहीं’ असें त्यानें सांगितलें, तर पेठेंत त्याची पत राहील काय ? वही न लिहिण्याचा गुन्हा ज्याचा, त्यालाच वही नाहीं या सबबीचा फायदा मिळूं देणें, हें साध्या दुकानदारींतही चालत नाहीं. मग माणसांच्या प्राणांच्या हिशेबांत तें कां चालावें ? ज्या सरकारनें पहिल्या दिवशीं चौकशी केली नाहीं, त्यास पन्नासाव्या वर्षीं काळाचा हवाला देण्याचा अधिकार नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत असें. सैनिकाच्या गोळीनें नागरिक मेला कीं त्याची पहिली विचारपूस सैन्याबाहेरच्या, स्वतंत्र अधिकाऱ्यानें व तत्काळ केली पाहिजे; यांत मृताचें जितकें हित आहे तितकेंच निर्दोष सैनिकाचेंही आहे, कारण ताज्या पुराव्यानें तो चार महिन्यांत मोकळा होईल, त्याच्या म्हातारपणावर संशयाची टांगती तलवार राहणार नाहीं. खटल्यास सरकारची संमति लागतच असेल, तर ती द्यावयाची कीं नाहीं हें ठराविक मुदतींत व कारणें प्रसिद्ध करून ठरविलें जावें. जबाबदारी घोडा ओढणाऱ्या बोटापाशींच थांबूं नये. डेरीच्या प्रकरणांत अखेर एक साधा सैनिक तेवढा पिंजऱ्यांत उभा राहिला, एकाही अधिकाऱ्यावर खटला झाला नाहीं, हें कोणत्याही राज्यास भूषणावह नव्हे. आणि सरसकट माफीचा कायदा, तो कोणाच्याही नांवें होवो, लोकांनीं कदापि मान्य करूं नये. सैनिकास आपण शस्त्र देतों तें कायद्याच्या वतीनें देतों. ज्या क्षणीं त्यास कायद्याबाहेर काढलें, त्या क्षणीं त्याच्या हातांतील बंदूक व दरोडेखोराच्या हातांतील बंदूक यांत फरक दाखवावयास आपणांजवळ कांहींही उरत नाहीं.